अनुभव धागा: जोडीदार कसा हवा, हे तुमचं कधी बदललं?

सुरुवात मी करते. वय 46, फोंडा, गोवा. विशीत मला जत्रेच्या नाटकात पदं म्हणणारा हवा होता, तसाच मिळालाही. आमच्याकडे लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते, त्या दोन सह्यांमधले दिवस मी साड्या घेण्यात घालवले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी असते, हे मला घटस्फोटाच्या वेळी कळलं. आता पुन्हा विचार चाललाय. आवाज अजूनही आवडतो, पण आधी माणसाचे व्यवहार बघते. तुम्हीही लिहा.

साखळी, 38
ताई, आमच्याकडे 2009 साली खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकवाल्याचं स्थळ म्हणजे नोकरदाराहून वरचं. मलाही तोच हवा होता. 2012च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. दारात दोन ट्रक उभे, बँकेचे हप्ते चालू. आमचे हे चार महिने कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका रात्री पासबुकं, कागद सगळं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "किती देणं आहे, तूच बघ." तोवर मला त्यांची मिळकतही ठाऊक नव्हती. पहाटेपर्यंत हिशेब केला. खरं सांगते, नवरा मला त्या रात्री आवडला. आता भाचीसाठी स्थळं बघतोय. मुलगा घरात कर्जाचं सांगतो का, एवढंच मी विचारते.

काणकोण, 52
माझं नाही बदललं. दारू न पिणारा हवा, हे वडिलांकडे बघून लहानपणीच ठरलं होतं. पाच स्थळं परत पाठवली. अजून एकटी आहे, आणि अट तीच आहे.

मडगाव, 63
पत्नी जाऊन पाच वर्षं झाली. तरुणपणी स्वयंपाक येणारी हवी, हे आमच्या घरात वेगळं बोलावंही लागत नसे. आता माशांचं हुमण मीच करतो. रवींद्र भवनात नाटकाला जातो, पहिला अंक संपतो, दिवे लागतात आणि बोलायला शेजारी कुणी नसतं. तेवढ्यासाठी कुणीतरी हवं. मुलीला पटलंय. मुलगा अजून या विषयावर बोलत नाही.

पर्वरी, 27
साखळीच्या ताई, पहिल्याच भेटीत कर्जाचं कसं विचारायचं गं?

साखळी, 38
आधी आपलं सांग बाय. मग तो काय बोलतो ते ऐक.

पर्वरी, 27
बाबांच्या ऑपरेशनचं कर्ज आहे माझ्या नावावर. रविवारी मिरामारला भेटतोय. सांगते त्याला.