मदत हवी आहे: बँडगॅप रेफरन्स अंधारात सुरूच होत नाही

नमस्कार मंडळी. १८० नॅनोमीटर सीमॉसमधली आमची पहिली प्रोटोटाइप चिप नुकतीच हातात आली. सप्लाय १.८ व्होल्ट, आत बँडगॅप रेफरन्स (तापमान किंवा सप्लाय बदलला तरी साधारण १.२ व्होल्ट स्थिर देणारं सर्किट) आणि त्याच्या करंटवर चालणारे दोन ऑपॅम्प (अँप्लिफायर). पॅकेज सिरॅमिकचं, झाकण नुसतं टेपने बसवलेलं.

पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली आउटपुट १.१९ व्होल्ट आलं. आम्ही लॅबमध्ये पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी झाकण लावून सप्लाय दिला, तर मल्टिमीटरवर जेमतेम ४० मिलिव्होल्ट! झाकण उचलून दिवा लावला की आकडा टुणकन वर. मग झाकण परत लावलं तरी १.१९ तसाच टिकतो. सप्लाय बंद करून अंधारातच पुन्हा दिला की परत ४०. सातपैकी पाच चिप्सचं हेच.

बँडगॅपला शून्य करंटचीही एक स्थिर अवस्था असते आणि तिच्यातून बाहेर ढकलायला स्टार्टअप सर्किट लागतं. माझं ते सर्किट कमी पडतंय आणि उजेडामुळे सिलिकॉनमध्ये तयार होणारा फोटोकरंट त्याचं काम करतोय, असा माझा अंदाज. सिम्युलेशनमध्ये मी सप्लाय १ मायक्रोसेकंदात चढवला होता. बेंच सप्लाय कित्येक मिलिसेकंद घेतो. हळू चढवून बघायला हवं होतं, ही चूक माझीच.

खात्री करताना अडलोय. पीमॉस मिररचा (आत करंट वाटणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा) गेट एका टेस्ट पॅडवर काढलाय. सर्किट अडकलं असेल तर तिथे १.८ च्या आसपास दिसायला हवं. पण ऑसिलोस्कोपचा १०एक्स प्रोब टेकवला की सर्किट लगेच चालू होतं! प्रोबचे १० मेगओहम ग्राउंडकडे जास्तीत जास्त ०.१८ मायक्रोअँपिअर ओढतात, तेवढंही पुरतं. म्हणजे मोजायला जावं तर दुखणंच पळून जातं.

एलएमसी ६६२ सारखा, इनपुटला फेम्टोअँपिअरच घेणारा ऑपॅम्प बफर म्हणून मध्ये घातला तर खरा व्होल्टेज दिसेल का? की सॉकेट आणि बोर्डाची गळतीच (लीकेज करंट) सर्किट सुरू करेल? गार्ड रिंग (गळती अडवायला पिनभोवती त्याच व्होल्टेजचं तांब्याचं कडं) कोणी केली असेल तर कशी केली, ते सांगा. दुसरं, या चिप्स वापरात आणायला त्या पॅडवरून ग्राउंडला १० मेगओहमचा रेझिस्टर कायमचा लावला तर रेफरन्सच्या नॉइजवर किती परिणाम होईल?

आणि ज्या दोन चिप्स अंधारातही नीट सुरू होतात, त्यांचीच मला जास्त काळजी वाटते. त्या कदाचित चिपमधल्या गळतीच्या जोरावर सुरू होत असतील; थंडीत ती कमी होते, मग त्याही अडकतील ना? आमच्याकडे टेंपरेचर चेंबर नाही. पुढचा टेपआउट (डिझाइन चिप बनवायला पाठवणं) तीन आठवड्यांवर आहे. ० अंशाच्या आसपास, चिपवर दव न धरता, घरगुती साधनांनी कोणी चाचणी केली आहे का?