मधुमेहात पाय कोरडे, पण जेवताना कपाळावर घाम?

प्रश्न: बाबांना १८ वर्षं मधुमेह आहे. पावलांना घामच येत नाही, टाचा भेगाळल्यात. जेवायला बसले की कपाळ, मान निथळते. कधी पहाटे बनियन ओलं होतं. हे एकाच कारणाने होतं का?

प्रतिसाद १: कोरडे पाय आणि जेवतानाचा घाम, या दोन्हींचं मूळ बहुधा एकच. घामग्रंथींच्या नसा पावलांपासून निकामी होत जातात. मग शरीर वरच्या भागातून जास्त घाम काढतं. टाचांना १० टक्के युरियाचं क्रीम रोज लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र नको, तिथे बुरशी धरते. उन्हात जपा, घाम कमी म्हणजे उष्माघात लवकर.

प्रतिसाद २: पहाटेचा घाम वेगळा समजा, तो रक्तातली साखर उतरल्याचा असू शकतो. त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावा. साखर ७०च्या (मि.ग्रॅ./डेसिलिटर) खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना डोस विचाराच.

प्रतिसाद ३: एक राहिलं. साखर ठीक असूनही अचानक गार घाम, दम लागतोय, तर छातीत दुखत नसलं तरी लगेच ईसीजी. मधुमेहात हृदयविकाराची कळ जाणवेलच असं नाही.