आयबी इतिहास हायर लेव्हल: रँडच्या खुनावर आयए बसेल का?

शनिवारपेठी
आयबी डिप्लोमाचं पहिलं वर्ष, इतिहास हायर लेव्हलला. आयएसाठी (इंटर्नल असेसमेंट, म्हणजे शाळेतच तपासला जाणारा संशोधन-निबंध) '१८९७ चा पुण्यातला प्लेग आणि रँडचा खून' घ्यावा म्हणतोय. रँड म्हणजे प्लेग समितीचा प्रमुख इंग्रज अधिकारी. सर म्हणतात फार पसरट आहे. २,२०० शब्दांत बसवायचा कसा? आणि मराठी साधनं चालतात का?

जुनी_दप्तरं
सरांचं बरोबर आहे. हा विषय झाला, प्रश्न नाही. 'रँडच्या खुनाला प्लेगमधली सक्ती कितपत कारणीभूत होती?' असं विचार. 'कितपत' आलं की दुसरी बाजू मांडावीच लागते, आणि ती इथे भक्कम आहे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं ऑक्टोबर १८९६ मध्ये. ते आपणच केल्याचं रँडवर गोळ्या झाडणाऱ्या दामोदर चापेकरांनी पुढे लिहिलं. रँडची प्लेग समिती पुण्यात आली मार्च १८९७ मध्ये. म्हणजे रुग्ण शोधायला सोजीर (गोरे शिपाई) घरात शिरायच्या आधीपासून राग होताच. शिवाय गोळ्या झाडल्या २२ जूनला, राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, आणि तोवर झडत्या थांबून महिना उलटला होता.

आता उलट बाजू: त्या रात्री रँड गव्हर्नरच्या गणेशखिंडीच्या बंगल्यावरच्या समारंभातून परतणार हे ठरलेलं होतं, तेव्हा तारीख निव्वळ सोयीची होती असंही म्हणता येतं. हा वाद नीट चालव, गुण तिथेच आहेत.

समासातला
सध्याच्या आराखड्यात दोन साधनांच्या मूल्यमापनाला साधारण ५०० शब्द, ६ गुण. मुख्य तपासाला १,३००, १५ गुण. शेवटच्या चिंतनाला ४००, ४ गुण. (तुझ्या बॅचला हाच लागू आहे ना, ते सरांना विचारून घे.) २,२०० च्या पुढचं परीक्षक वाचत नाही, त्यामुळे तपास लांबला की चिंतन कापलं जातं. संदर्भसूची मोजत नाहीत.

गुण गळतात ते पहिल्या भागात. मुलं साधनाचा सारांश लिहितात, नाहीतर 'लेखक इंग्रज, म्हणून एकांगी' एवढ्यावर मोकळी होतात. दामोदरांचं आत्मवृत्त घे. ते कोठडीत लिहिलेलं, स्वतःला धर्मरक्षक म्हणून उभं करणारं. घटनाक्रमासाठी ही मर्यादा. पण तुझा प्रश्न हेतूचा आहे, आणि माणूस स्वतःचा हेतू कसा मांडतो याचा याहून थेट पुरावा नाही. मोल आणि मर्यादा अशी तुझ्याच प्रश्नाला बांधून लिही.

नारायणपेठेतून
मराठी साधनं चालतात. निबंध इंग्रजीत असेल तर उतारा भाषांतर करून द्यायचा आणि भाषांतर स्वतःचं आहे असं नोंदवायचं. 'केसरी'च्या जुन्या अंकांसाठी केसरीवाडा गाठ. शाळेचं पत्र सोबत असू दे. अंक समोर आला की तारीख, पान, स्तंभ तिथल्या तिथे टिपायचं. घरी येऊन फोटोवरून स्तंभ ओळखता येत नाही.

दोन खड्डे. १५ जूनच्या 'केसरी'नंतर (त्यात अफझलखानाच्या वधाचं समर्थन करणारा मजकूर होता) आठवड्याने खून झाला, म्हणून त्यामुळेच झाला असं लिहू नकोस. आणि त्याच मजकुरावरून टिळकांवर झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात शिरू नकोस. न्यायमूर्ती स्ट्रॅची, ज्यूरीचा ६ विरुद्ध ३ कौल, १८ महिन्यांची शिक्षा, सगळं रंगतदार आहे, पण दोनशे शब्द खाईल आणि खुनाचं कारण सांगणार नाही.

शनिवारपेठी
खटला काढला. आत्मवृत्ताबरोबर दुसरं साधन म्हणून १५ जूनचाच अंक चालेल?

समासातला
त्याआधीचे, मार्च ते मे मधले झडत्यांवरचे अंक बघ. सक्ती लोकांना कशी वाटत होती ते त्यांत आहे.