अनुभव धागा: खान्देशातला पावसाळा, काळ्या मातीचा चिखल आणि पर्यायी वाटा

आपल्याकडे पाऊस घाटमाथ्याइतका नाही, पण तापी-गिरणाकाठची काळी माती भिजली की पाणंद रस्ते, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटा, पार बंद होतात. जून ते सप्टेंबरात कोणती वाट टाळावी, कशी ओळखावी आणि त्याऐवजी कुठे जावं, हे इथे लिहा. वाट आणि मातीचा प्रकार नक्की सांगा.

गिरणाकाठ
शेतकरी पेरणीआधी वाफसा, म्हणजे माती हवी तेवढीच ओली आहे का, ते बघतो, तोच चालणाऱ्यानेही बघावा. वीतभर खोलीची मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वाट चालण्याजोगी. नुसता चपटा झाला तर परत फिरा. वरची खपली वाळलेली दिसते, तिच्यावर जाऊ नका, खाली लोणी असतं. काळी माती पाणी धरून फुगते, म्हणून जोरदार पावसानंतर तीन-चार दिवस कडक ऊन लागतं. ढगाळ असेल तर आणखी. मुरमाची वाट मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मोकळी होते.

यावल
मोटारसायकल किंवा सायकल पाणंदीत घालूच नका. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासतो, चाक जाम होतं, मग काडीने उकरत बसा. गाडी डांबरीवर लावून पायी जा.
सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपडा पट्ट्यात, डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. पाणी झपाट्याने मुरतं, त्यामुळे केळीच्या काळ्या रानापेक्षा इथल्या वाटा लवकर सुकतात. धोका नाल्यांचा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात कोसळत असतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की त्याच क्षणी काठावर चढा. मनुदेवीच्या मंदिराकडे जाताना हे विशेष लक्षात ठेवा.

धुळे
शहराजवळ लळिंग आणि उत्तरेला सोनगीर, दोन्ही किल्ले मुंबई-आग्रा महामार्गालगत. खाली बसाल्टचा खडक, त्यामुळे पाय रुतत नाहीत, पण शेवाळलेला कातळ निसरडा असतो. उतरताना पाऊल सपाट टाका, टाच रोवू नका.

चोपडा
बुटांबद्दल. बारीक, दाट नक्षीचा तळ चिखलाने भरून गुळगुळीत होतो. मोठे, विरळ रबरी खिळे असलेला तळ घ्या. गमबूट काळ्या मातीत नको, पाय वर येतो आणि बूट आतच राहतो. खिशात बांबूची चपटी पट्टी ठेवा आणि थर जमला की लगेच खरवडा. घरी बूट चुलीजवळ वाळवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा, ते ओलं झालं की बदला.

पारोळा
कळकळीने सांगतो, चिखल चुकवायला बांधावरून कपाशीत उतरू नका. कोवळी रोपं तुडवली जातातच, शिवाय ओली काळी माती दाबली की हवा कोंडते आणि वाळल्यावर ढेकळं होतात. मधलं डबकं ओलांडता येत नसेल तर वाटच सोडा.

शहादा
तोरणमाळला वरपर्यंत डांबरी आहे. यशवंत तलावाचा परिसर पायी फिरा. घाटात धुकं दाटतं, दिवे लावा, वळणावर हॉर्न द्या आणि अंधाराआधी उतरा.

चाळीसगाव
पाटणादेवीला मंदिरापर्यंत पक्का रस्ता आहे. जवळचं दगडी महादेव मंदिरही बघून होतं. शेजारच्या कण्हेरगड किल्ल्याची चढण मात्र पाऊस थांबल्यावरच.