चिमणराव-गुंड्याभाऊंच्या खुणा नागपुरात

कुणीतरी विचारलंय, चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांवरच्या 'चिमणराव' या दूरदर्शन मालिकेच्या जुन्या वस्तू नागपुरात मिळतील का? मिळतील, पण शोध छापील कागदांचा करा. सत्तरच्या दशकाअखेरच्या मुंबई दूरदर्शनच्या लहरी इथवर पोचत नव्हत्या, त्यामुळे आपल्याकडे दिलीप प्रभावळकर (चिमणराव) आणि बाळ कर्वे (गुंड्याभाऊ) ही जोडी आधी पोचली ती साप्ताहिकांतून, दिवाळी अंकांतून. शिवाय तेव्हा चित्रणाच्या टेप महाग, पुसून पुन्हा वापरायच्या. म्हणून मला तर एखादं पिवळं पडलेलं कात्रणही मोलाचं वाटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. १९७९ साली याच जोडीचा चित्रपट आला. पोस्टर किंवा गाण्यांची पुस्तिका हाती लागली, तर ती बहुधा त्याची असते. विकणारे सर्रास 'मालिकेचं' म्हणून खपवतात. त्याही आधी, १९४० च्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. चिं. वि. जोशींच्या कथांचा हा सगळा प्रवास जुळवायला फार मजा येते. सुरुवात झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघापासून करा, मग सीताबर्डीतले जुन्या पुस्तकांचे विक्रेते.

आणि हो, कात्रणं कूलरच्या खोलीत अजिबात ठेवू नका! आपला उन्हाळा कोरडा, पण कूलरच्या दमट हवेनं कागदाला बुरशी धरते. लॅमिनेशनही नको, ते परत निघत नाही. अंकाचं नाव आणि तारीख मागे पेन्सिलीनं लिहा.