रोब्लॉक्सवर अवतारांचे कपडे तयार करून विकणे : मुलीसाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ती : उंबरठा

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची असून नववीत शिकते. गेले सात-आठ महिने ती रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या मंचावर खेळण्यापेक्षा तेथील अवतारांसाठी, म्हणजे खेळाडूंच्या पडद्यावरील बाहुल्यांसाठी, कपडे रेखाटण्यातच अधिक रमलेली दिसते. माझ्या सासूबाईंचे माहेर येवल्याचे. त्यांच्या जुन्या पैठणीच्या पदरावरचा बांगडीमोर आणि काठावरची नारळी तिने चौकटीच्या कागदावर घर मोजून उतरवून घेतली आणि त्यावरून एक नऊवारी संगणकावर रंगवली. काम पाहून मला मनापासून आनंद झाला. मात्र आता ती हे कपडे विकायला ठेवू इच्छिते आणि त्यासाठी आमच्याकडे रोबक्स, म्हणजे तिथले चलन, विकत घेण्यासाठी पैसे मागते आहे.

मला या क्षेत्रातले काहीच कळत नाही. साध्या चपट्या कपड्यांपासून सुरुवात करावी की त्रिमितीय कपडे शिकावेत, सुरुवातीला किती पैसे घालणे योग्य ठरेल, खाते आणि मिळकत कोणाच्या नावावर असावी, आणि तिची नक्षी कोणी उचलली तर काय करता येते, याबद्दल ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. तिचा उत्साह मोडायचा नाही, पण डोळे मिटून पैसेही द्यायचे नाहीत.

प्रतिसाद : कसदोरा

उंबरठाताई, आधी मुलीचे अभिनंदन करतो, कारण पदरावरची नक्षी घर मोजून उतरवणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे आणि ते तिने कोणी न सांगता हाती घेतले आहे. मी काही वर्षे रोब्लॉक्सवर कपडे करून विकतो, त्या अनुभवावरून लिहितो.

तिथे कपड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला जुना, ज्याला सगळे ‘क्लासिक’ म्हणतात. यात शर्ट आणि पँट यांसाठी ५८५ × ५५९ पिक्सेलचे एक ठरलेले टेम्प्लेट, म्हणजे कोरा साचा, असते आणि त्यावर रंगवलेले चित्र अवतारावर कागद चिकटवावा तसे गुंडाळले जाते. धडाची पुढची आणि मागची बाजू प्रत्येकी १२८ × १२८ पिक्सेल, धडाच्या कडा आणि हातापायांची प्रत्येक उभी बाजू ६४ × १२८ पिक्सेल, एवढीच जागा मिळते. दुसरा प्रकार ‘लेअर्ड क्लोदिंग’, म्हणजे त्रिमितीय कपडे. २०२२ पासून ते सर्वत्र रुळले. ते ब्लेंडरसारख्या त्रिमितीय आकार घडवण्याच्या संगणक प्रणालीत शिवावे लागतात आणि कोणत्याही आकाराच्या अवतारावर बसावेत यासाठी त्यांना आतून व बाहेरून एकेक अदृश्य जाळी जोडावी लागते.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे की तिने किमान सहा महिने क्लासिकच करावे. त्याला खर्च कमी हे एक कारण आहेच, पण खरे कारण वेगळे आहे. इतक्या थोड्या पिक्सेलमध्ये कापड कापडासारखे दिसायचे तर सावली कुठे पडते, चुणी कुठे संपते आणि काठ एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना कसा जुळतो हे नेमके कळावे लागते, आणि ती समज त्रिमितीय कामातही आयुष्यभर उपयोगी पडते. नवख्या माणसाचे काम ओळखायचे असेल तर समोरून पाहू नये, बगलेखालची शिवण पाहावी, कारण तिथे काठ एक-दोन पिक्सेलने वरखाली झालेला असतो.

नऊवारीच्या बाबतीत तर क्लासिक टेम्प्लेट विलक्षण सोयीचे आहे, हे मला तुमचा प्रश्न वाचताना जाणवले. सहावारी साडी म्हणजे दोन्ही पायांभोवतीचा एकच घेर, आणि क्लासिक पँटमध्ये दोन पाय वेगळे असल्याने तो घेर चालताना फाटल्यासारखा दिसतो. नऊवारी मात्र कासोटा घातल्यामुळे मुळातच दोन पायांत विभागलेली असते, त्यामुळे ती त्या टेम्प्लेटवर खरी वाटते. निऱ्या दोन्ही पायांच्या पुढच्या बाजूला, आतल्या कडेलगत, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या काढाव्यात, म्हणजे अवतार उभा असताना त्या मध्ये एकत्र दिसतील आणि चालताना दोन भागांत नीट सुटतील. कासोट्याचा काठ पाठीमागे धडाच्या खालच्या अर्ध्या भागात मधोमध उभा यावा. पँटच्या टेम्प्लेटमध्येही धडाची जागा असते आणि शर्ट तिच्यावरून बसतो, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून चोळीच्या टेम्प्लेटमध्ये कमरेचा भाग पारदर्शक ठेवला की खालची साडी तिथून दिसते. त्यासाठी चित्र पीएनजी स्वरूपातच साठवावे आणि त्याची लांबी-रुंदी एका पिक्सेलनेही बदलू देऊ नये.

रंगवण्यासाठी क्रिटा किंवा गिम्प वापरावे. दोन्ही विनामूल्य आहेत. बांगडीमोर १२८ पिक्सेलच्या चौकोनात पूर्ण तपशिलाने मावणार नाही, म्हणून त्यातला कोणता भाग ठेवला तरी तो मोरच वाटेल हे तिने ठरवावे. येवल्याच्या मागावरही नक्षी शेवटी ताण्याबाण्याच्या मोजणीनेच बसवली जाते, तेव्हा या बाबतीत तिने आजीला विचारले तर माझ्यापेक्षा चांगले उत्तर मिळेल.

नक्षी उचलण्याबद्दल मात्र मला तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही. क्लासिक कपड्यांची चित्रे सहज उतरवून घेता येतात आणि त्यांच्या नकला पुन्हा विकायला ठेवणारी खाती पुष्कळ आहेत. माझी एक जाकीट-रचना प्रकाशित झाल्यानंतर आठवडाभरात तीन ठिकाणी दिसली होती. मूळ थरांची फाइल, म्हणजे जिच्यात रेषा, सावल्या आणि रंग वेगवेगळ्या थरांवर आहेत ती, तारखेसह जपून ठेवावी, कारण स्वामित्वहक्काची तक्रार करताना तोच पुरावा असतो. तक्रार केल्यावर माझ्या दोन नकला काढल्या गेल्या. मुलीलाही हाच नियम लागू आहे. पारंपरिक मोर-नारळी सर्वांची आहे, पण एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरील साडीचे छायाचित्र कापून टेम्प्लेटवर चिकटवणे, किंवा क्रीडासाहित्याच्या कंपन्यांची बोधचिन्हे आणि क्रिकेट संघांच्या जर्सी काढणे पूर्णपणे टाळावे. अशा वस्तू हटवल्या जातात आणि खात्यावर कारवाई होते.

प्रतिसाद : ताळेबंद

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी पैशांच्या बाजूविषयीच लिहितो, कारण माझ्या भाच्याच्या बाबतीत हा सगळा हिशेब मलाच करावा लागला होता.

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी : रोबक्स विकत घेण्याचा भाव आणि मिळवलेले रोबक्स परत देऊन डॉलर घेण्याचा भाव यांत फार मोठे अंतर आहे. विकत घेताना एका रोबक्सला साधारण एक सेंट किंवा त्याहून थोडे अधिक पडते. परत देताना, ज्याला तिथे ‘डेव्हएक्स’ म्हणतात, सप्टेंबर २०२५ पर्यंत एका रोबक्सला ०.३५ सेंट मिळत आणि त्यानंतर हा दर ०.३८ सेंट झाला. शिवाय विकत घेतलेले रोबक्स परत देताच येत नाहीत. केवळ कमावलेले चालतात, आणि तेही किमान ३०,००० जमल्यावर. म्हणजे पहिली रक्कम हाती येईल ती ११४ डॉलरची. समजा एका शर्टाची किंमत १० रोबक्स ठेवली आणि मंचाची वाटणी जाऊन ७ हाती आले, तर त्या पहिल्या रकमेसाठी सुमारे ४,२८६ शर्ट विकले जावे लागतील. वाटणीचे प्रमाण वस्तूच्या प्रकारानुसार वेगळे असते आणि ते अनेकदा बदलले आहे, म्हणून प्रकाशनाच्या दिवशी कंपनीच्या अधिकृत पानावर ते तपासूनच किंमत ठरवावी. पण आकड्यांचा अंदाज यावा एवढ्यासाठी हे उदाहरण दिले.

यावरून मी असे सुचवीन की सुरुवातीला सर्वांत लहान रकमेचे रोबक्स घ्यावेत. मी पाहिले तेव्हा क्लासिक शर्ट किंवा पँट चढवण्याचे शुल्क प्रत्येकी १० रोबक्स होते, तेव्हा लहान रकमेतही बरेच कपडे प्रकाशित करता येतात. हे पैसे रंगपेटीच्या किंवा शिकवणीच्या खर्चासारखे मानावेत आणि ते परत येतील अशी अपेक्षा ठेवू नये. जाहिरातीवर रोबक्स खर्च करण्याचा मोह मुलांना फार होतो. दहा-पंधरा कपडे तयार होऊन त्यांतले काही आपोआप विकले जाईपर्यंत तो खर्च पूर्णपणे थांबवावा.

आता कायद्याची बाजू. डेव्हएक्ससाठी वयाची अट १३ वर्षांची असली तरी आपल्याकडे १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम मानली जात नाही, म्हणून अटी वाचून मान्यता देणे, बँक खाते आणि अमेरिकी करासंबंधीचे डब्ल्यू-८बीईएन हे पत्रक या सर्व गोष्टी पालकांनी स्वतः पाहाव्यात. अल्पवयीन मुलांचे उत्पन्न सामान्यतः पालकांच्या उत्पन्नात मिळवले जाते, परंतु मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न त्याला अपवाद आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ६४(१अ) मध्ये तो अपवाद स्पष्टपणे दिला होता. तेव्हा मुलीचे पॅन कार्ड काढून ठेवावे, कोणता कपडा कधी प्रकाशित केला आणि किती विकला गेला याची साधी वही तिलाच लिहायला सांगावी, आणि पहिली रक्कम बँकेत येण्यापूर्वी एकदा सनदी लेखापालांना भेटावे.

प्रतिसाद : रात्रपाळी

सुरक्षेविषयी थोडे लिहिते, कारण ते अजून कोणी लिहिलेले नाही. कपडे चांगले जमू लागले की अनोळखी लोक ‘आमच्या गटासाठी गणवेश कर’ म्हणून संपर्क साधतात आणि बोलणे रोब्लॉक्सबाहेरच्या गप्पांच्या ठिकाणी नेतात. माझ्या मुलाने अशा एका गटासाठी अकरा गणवेश केले. काम पोहोचल्यावर त्यांनी त्याला गटातून काढून टाकले आणि ठरलेले रोबक्स दिले नाहीत. पैशापेक्षा त्याला झालेले दुःख मोठे होते. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे की काम मागणाऱ्याशी होणारा प्रत्येक संवाद घरातील मोठ्या माणसाच्या डोळ्यांखाली व्हावा आणि पाणचिन्ह नसलेले चित्र मोबदला मिळाल्याशिवाय पाठवू नये. न्याहाळकातील (ब्राउझरमधील) कुकी, म्हणजे लॉगिनची खूण साठवणारी नोंद, किंवा एखादी फाइल मागणारा, अथवा ‘हे विस्तारक (ब्राउझरला जोडायचे एक्स्टेन्शन) बसव, फुकट रोबक्स मिळतील’ असे सांगणारा प्रत्येक जण खाते चोरण्यासाठीच आलेला असतो, हे मुलीला आजच सांगावे आणि खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावून घ्यावी.

धागाकर्ती : उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही दोघींनी बसून प्रत्येक प्रतिसाद वाचला. ४,२८६ हा आकडा वाचून ती थोडी गप्प झाली, पण नंतर तिने स्वतःच सांगितले की तिला आधी पाच नऊवारी आणि त्यांच्या चोळ्या पूर्ण करायच्या आहेत, विक्रीचे नंतर पाहू. सर्वांत लहान रकमेचे रोबक्स आम्ही घेतले आहेत आणि वही सुरू केली आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. त्रिमितीय कपड्यांकडे वळण्याची वेळ आली हे कसे ओळखावे? आणि तिचा पदर समोरून बरोबर दिसतो, पण मागून पाहिल्यास तो भलत्याच खांद्यावर जातो. तिला चूक सापडत नाही.

प्रतिसाद : कसदोरा

त्रिमितीय कामाची वेळ तेव्हा येते जेव्हा तिला हवा असलेला आकार रंगाने दाखवता येत नाही. सहावारीचा घेर, मोकळा सुटलेला पदर, फेट्याचा तुरा ही त्याची उदाहरणे आहेत. तेव्हा तिने रोब्लॉक्सने दिलेले नमुन्याचे सांगाडे घेऊन ब्लेंडरमध्ये सराव सुरू करावा. वस्त्राचा त्रिमितीय आकार ज्या लहान त्रिकोणांनी बनतो ते ४,००० च्या आत ठेवावेत, आतल्या-बाहेरच्या जाळीचा एकही बिंदू पुसू नये, कारण त्यावरच कपडा अंगावर बसणे अवलंबून असते, आणि पदराचा भार, म्हणजे तो कोणत्या हाडाबरोबर हलेल ते, सांगाड्यातील हाताच्या हाडाला न देता धडाच्या वरच्या भागाला द्यावा, नाहीतर हात उचलताच पदर रबरासारखा ताणला जातो. रोब्लॉक्स स्टुडिओ या तिथल्या निर्मितीच्या प्रणालीतील फिटिंगच्या साधनात निरनिराळ्या शरीरांवर आणि धावण्या-उडी मारण्याच्या हालचालींत हे सगळे प्रकाशनापूर्वी तपासता येते. सरावाला काहीही खर्च नाही. प्रकाशनाला मात्र ओळखपत्राची पडताळणी, सशुल्क सदस्यत्व आणि क्लासिकपेक्षा बराच अधिक खर्च लागतो, म्हणून सराव आणि प्रकाशन यांत भरपूर अंतर ठेवले तरी चालेल.

पदराची चूक अगदी नेहमीची आहे. टेम्प्लेटवर धडाच्या बाजू उजवी, पुढची, डावी, मागची अशा क्रमाने मांडलेल्या असतात, आणि त्या नेसणाऱ्याच्या उजव्या-डाव्या असतात, पाहणाऱ्याच्या नव्हेत. पदर डाव्या खांद्यावर न्यायचा असेल तर पुढच्या चौकोनात तो खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो, तिथून वरच्या आडव्या पट्टीच्या उजव्या भागावर चढतो, आणि मागच्या चौकोनात मात्र डाव्या कडेला उतरतो, कारण पाठीमागून पाहताना नेसणाऱ्याचा डावा खांदा आपल्याही डाव्या हाताला येतो. तिने बहुधा पुढे उजवीकडे दिसतो म्हणून मागेही उजवीकडेच काढला असणार. टेम्प्लेट कागदावर छापून, कापून, त्याची पेटी घडवून पाहायला सांगा. एकदा हातात धरून फिरवून पाहिले की पुन्हा ही चूक होत नाही.