नेव्हिलची हॅटट्रिक इथेच झाली होती

प्रेषक: भाऊ, ग्लेन वेव्हर्ली

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या फराळाचा हिशेब एकदाचा मिटला असेल तर वेगळा विषय काढतो. यंदा १ डिसेंबरला सत्तर वर्षं होतील. १९५६ सालच्या त्या शनिवारी, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये, भारताने फुटबॉलमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. चारातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आणि हा गडी मुंबईचा, टाटा स्पोर्ट्स क्लबचा!

सामना मोठा रंगला होता. नवव्या मिनिटाला कप्तान बद्रू बॅनर्जीचा फटका गोलच्या चौकटीला लागून परत आला, तो नेव्हिलने डोक्याने आत घातला. ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला उजवीकडून पीके बॅनर्जीचा क्रॉस आला, पुन्हा नेव्हिलचं डोकं. मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत नेव्हिलचा तिसरा, आणि शेवटी किट्टूने चौथा मारून विषय संपवला.

आपण सगळे बॉक्सिंग डेला, २६ डिसेंबरला, डबे घेऊन एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर जातो. तिथून रूळ ओलांडले की पलीकडे ऑलिम्पिक पार्क. त्या ऑलिम्पिकचे फुटबॉल सामने या दोन मैदानांवर झाले, हे मंडळात किती जणांना ठाऊक आहे? जुनं स्टेडियम पाडलं, आता तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाला कॉलिंगवूड क्लब सराव करतो. १ तारीख मंगळवारी येते, म्हणून आदल्या रविवारी, २९ नोव्हेंबरला, तिथे जमू या का?

---

प्रेषक: टार्नेटकर

भाऊ, कल्पना छान, मी येतो. पण थोडं वाकडं बोलू का?

एका सामन्यावर आपण अजून किती वर्षं काढणार? हंगेरीने माघार घेतली म्हणून पहिली फेरी आपल्याला न खेळताच मिळाली. ऑस्ट्रेलियाचं तेव्हाचं फुटबॉल काही जगाला हादरवणारं नव्हतं. पुढे उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने ४-१ ने धुतलं, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने. नेव्हिल ऑलिम्पिकमधला हिरो, मान्य. पण क्लबचा महान स्ट्रायकर म्हणायचं तर क्लबमधलं काही सांगा ना. कोलकात्यात चुनी गोस्वामींचं नाव काढलं की मोहन बागानचा माणूस अख्खी संध्याकाळ बोलतो. टाटाचं नाव काढल्यावर मुंबईत कोण बोलतं?

---

प्रेषक: अण्णा (लेकीच्या आयडीवरून, टंकलेखन नातीचं)

टार्नेटकर, मी बोलतो की!

मी ठाकूरद्वारचा. पंधरा-सोळा वर्षांचा होतो, क्रिकेटचं वेड, फुटबॉलशी देणंघेणं नाही. पण पावसाळ्यात क्रिकेट बंद, मग पोरांनी जायचं कुठे? कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर! मुंबईच्या फुटबॉलची हारवूड लीग पावसातच रंगायची. आमच्या चाळीतले एक गृहस्थ टाटांच्या हपिसात कारकून होते. त्यांच्या मागे लागून आम्ही जायचो.

तुम्ही मोहन बागान म्हणता, तसं मुंबईत नव्हतं. इथे क्लब म्हणजे हपिसं. टाटा, कॅलटेक्स, नंतर मफतलाल, एअर इंडिया. खेळाडू कंपनीच्या पगारावर, संध्याकाळी मैदानात. त्यामुळे टाटाचा चाहता म्हणजे टाटात नोकरी करणारा, त्याचा भाऊ, मेव्हणा आणि माझ्यासारखी फुकटी पोरं. शिवाय धोबीतलावच्या कुडांमधून, म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत चालवलेल्या वसतिघरांमधून, गोवेकर यायचे. आवाज त्यांचाच. शिव्या कोंकणीत, त्यामुळे आम्हाला अर्ध्याच कळायच्या.

भाऊंनी हेडरचं लिहिलं आहे म्हणून सांगतो. आजचा चेंडू वेगळा. तेव्हाचा चामड्याचा, तोंड बंद करायला बुटासारखी नाडी ओवलेली. कूपरेजच्या चिखलात अर्धा तास लोळला की पाणी पिऊन शिशासारखा जड व्हायचा. तो उंचावरून आला की भले भले मान काढून घ्यायचे. नाडीवर कपाळ पडलं तर वळ उठायचा. अशा चेंडूखाली जो माणूस पहिला जाऊन उभा राहतो, त्याला काय म्हणायचं ते म्हणा. नेव्हिल जायचा. मेलबर्नचे पहिले दोन गोल डोक्याचे होते हे वाचून मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही.

पुढे तो कॅलटेक्सकडून खेळला. त्याच कॅलटेक्सने १९५८ साली मुंबईची जुनी फुटबॉल स्पर्धा, रोव्हर्स कप, जिंकली, अंतिम सामन्यात कोणाला हरवून, तर तुमच्या मोहन बागानला. ३-२! हे नातीने दोनदा टाईप करावं असं मी तिला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही.

आणि युगोस्लाव्हियाबद्दल. १९५२ ला हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले होते, १०-१. आपले बरेचसे गडी तेव्हा अनवाणी. चार वर्षांनी रहीमसाहेबांनी, सय्यद अब्दुल रहीम, तीच लाज डोक्यात ठेवून संघ बांधला. मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात पहिला गोल कोणी मारला? नेव्हिलने. बावन्नाव्या मिनिटाला आपण १-० ने पुढे होतो. दोनच मिनिटांत बरोबरी झाली, मग पडझड, शेवटचा तर आपल्याच पायाने गेला. पण ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारत पुढे होता, ही दोन मिनिटं पुन्हा कधी आली का? तो युगोस्लाव्हिया अंतिम सामन्यात रशियाकडून अवघ्या एका गोलने हरला. रशियाच्या गोलमध्ये लेव्ह याशिन होता. हे काही गल्लीतले संघ नव्हेत.

---

प्रेषक: ताई, पॉइंट कुक

अण्णा, नातीला माझा शाबासकीचा लाडू.

मी म्हापशाची. नेव्हिल मूळचा आसगावचा, आमच्याच बार्देश तालुक्यातला. एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. १९५६ साली गोवा पोर्तुगिजांकडे होता, सुटायला अजून पाच वर्षं. म्हणजे ज्याचं गाव अजून भारतात नव्हतं, तो भारताचा सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू! त्या ऑलिम्पिकमध्ये चार गोलांसह तो सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक, युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविचच्या बरोबरीने.

तरी आमच्या घरात नाव निघायचं ते हॉकीचं. त्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्ण घेतलं. सुवर्णापुढे चौथ्या क्रमांकाला कोण विचारतो? अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, फुटबॉलमध्ये पहिला पीकेंना मिळाला. नेव्हिलला कधीच नाही. तो १९८० सालीच गेला, पन्नाशीही गाठली नाही. पीके गेले तेव्हा, बद्रूदा गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरली. नेव्हिल इतक्या आधी गेला की त्याच्याबद्दल विचारायला कोणी माईक घेऊन पोचलंच नाही. टार्नेटकर, टाटाचं कोणी बोलत नाही याचं माझ्या मते हे एक कारण. दुसरं म्हणजे बोलायला क्लब तरी उरले कुठे? रोव्हर्स कप २००० नंतर एकदोन वर्षांत बंद पडला. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्र युनायटेडने २०१० ला दुकान आवरलं. हपिस बदललं की टीम गेली, टीम गेली की आठवण सांगणारं मंडळ गेलं. बागानला ते भोगावं लागलं नाही.

---

प्रेषक: टार्नेटकर

ताई, हे पटलं. अण्णांची दोन मिनिटंही पटली, जरी मोहन बागान "तुमचं" कधी झालं ते मला कळलेलं नाही, मी सांगलीचा आहे.

तरी हंगेरीचा मुद्दा मी सोडत नाही. ते आले असते तर चौथं स्थान अवघड होतं. पण माघार त्यांची, खेळ आपला, आणि मॉरोने दोनदा बरोबरी केल्यावर पुन्हा पुढे जाणं काही वॉकओव्हरमध्ये मिळत नाही. माझी एक अट आहे: तिथे फलक किंवा भाषण असेल तर अकराही जणांची नावं यावीत. पोस्टला लागलेला फटका बद्रूचा होता.

---

प्रेषक: भाऊ, ग्लेन वेव्हर्ली

अट मंजूर. भाषण मात्र नाही, अण्णा बोलतील तेवढंच.

ठरलं ते असं. रविवार २९ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा, रिचमंड स्टेशनच्या बाहेर. तिथून चालत ऑलिम्पिक पार्क, मग एमसीजीच्या बाजूच्या हिरवळीवर डबे. मैदानावर सराव चालू असेल तर कुंपणाबाहेरून बघायचं, आत घुसायचं नाही (हे मुलांसाठी नाही, गेल्या सहलीतल्या मोठ्यांसाठी आहे). अण्णांना चालायला त्रास नको म्हणून ताईंच्या गाडीत एक जागा राखून ठेवली आहे.

मुलांच्या सामन्यासाठी दोन चेंडू मी आणतो. नाडीचा चामडी चेंडू कोणाच्या गॅरेजमध्ये पडला असेल तर कळवा, बादलीभर पाण्यात बुडवून टार्नेटकरांना हेडर मारायला देऊ.